वाघ मारे येथे

‘तो वाघ नाही,’ शेवटच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले. ‘तो मी आहे.’

सभागृहात हशा पिकला. मीही हसलो. माझ्या मागच्या पडद्यावर गडाची एक भिंत पुरुषभर उंच दिसत होती आणि तिच्यावरच्या मोडी अक्षरांवर मी हातातल्या काठीचे टोक टेकवले होते.

‘आपण जरा उभे राहता का?’ मी म्हणालो. ‘इतकी वर्षं शोधतोय. निदान दिसा तरी.’

पुन्हा हशा. उभे राहिलेले गृहस्थ पंचेचाळिशीचे असावेत. इस्त्रीचा पांढरा सदरा, छातीशी धरलेली कापडी पिशवी. हसणे थांबेपर्यंत ते थांबले.

‘भानुदास वाघमारे,’ ते म्हणाले. ‘सोलापूरहून आलोय. तिथं माझं आडनाव लिहिलंय. वाघमारे येथे. तुम्ही ते मधे तोडलंत.’

ही गोष्ट २०१४ च्या मे महिन्यातली, साताऱ्याच्या एका वाचनालयाच्या वरच्या सभागृहातली. ‘सात दरवाजे’ या संगणकावरच्या खेळाचे नाव आज फार जणांना आठवणार नाही. पण तेव्हा त्याचे सहा भाग निघाले होते आणि सातवा दिवाळीत यायचा होता. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीने तो १९९९ मध्ये सुरू केला. खेळणारा हा एक हरकारा. खलिता घेऊन एकामागून एक सात दरवाजे ओलांडून त्याने बालेकिल्ल्यावर पोचायचे, एवढाच खेळ. आम्हांला मात्र पोचण्यात रस उरलेला नव्हता. आम्हांला खुणांचा नाद होता. संगणकातली तारीख एकादशीची असेल तर चौथ्या दरवाजाचा पहारेकरी भाकरीला हात लावत नाही. हौदातले कासव एका खेळात फक्त तीनदा डोके वर काढते. कोठारातल्या एका रांजणाला कान लावला तर आत कुणीतरी पाढे म्हणत असते. करणाऱ्यांनी दडवून ठेवलेल्या अशा सहाशे चाळीस खुणा मी आणि शर्वरी मोहिते हिने ‘खुणांचा कोश’ नावाच्या संकेतस्थळावर नोंदवल्या होत्या. शर्वरी पदार्थविज्ञान शिकवत असे, मी इतिहास. कोशाचे नियम मी लिहिले होते. त्यातला चौथा सर्वांना पाठ होता : पुराव्याशिवाय खूण नाही.

आणि कोशातली सर्वांत प्रसिद्ध खूण माझी होती. २००१ साली आलेल्या दुसऱ्या भागात तिसऱ्या दरवाजापाशी भिंतीच्या एका दगडावर मोडी अक्षरे आहेत. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. आधी आडवी रेघ ओढतात आणि तिच्याखाली अक्षरे एकमेकांना चिकटून लटकत जातात. कुठे तोडायचे ते वाचणाऱ्याने ठरवायचे. मी ठरवले : ‘वाघ मारे येथे.’ सबंध खेळात वाघ कुठेही नव्हता. म्हणूनच तो असला पाहिजे, असे आम्ही धरले. अक्षरे संपल्यावरही रेघ रिकामीच पुढच्या दगडावर जाते. तो भाला असावा, असे मी लिहिले. त्या पुढच्या दगडावर एका कडीची सावली पडलेली आहे, पण कडी नाही. तो वाघाच्या सापळ्याचा संकेत असावा, असेही लिहिले. माणसे रात्रंदिवस त्या भिंतीशी हरकारा उभा करून ठेवत. वाघ आला नाही. पण माझे नाव झाले. आदल्याच आठवड्यात वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत माझा अर्धे पान लेख आला होता. आणि आता कंपनीचे निखिल दातार स्वतः साताऱ्याला येऊन जाहीर करणार होते की, सातव्या भागात तो वाघ अखेर अवतरणार आहे.

ते जाहीर होण्याआधी पाच मिनिटे वाघमारे उठून उभे राहिले होते.

‘आपण या खेळावर काम केलंय?’ मी विचारले.

‘अकरा महिने. दुसऱ्या भागाच्या सगळ्या भिंती माझ्या.’

‘शेवटी जी नामावली येते, तिच्यात आपलं नाव मला आठवत नाही. आणि ती नामावली मला पाठ आहे.’

‘मलाही पाठ आहे. खोक्यावरही छापली होती. एकवीस नावं आहेत. चहा आणणाऱ्या बाईंचंसुद्धा आहे. त्यांचं असायलाच पाहिजे. माझं नाही. मी बाहेरचा माणूस होतो, रोजावरचा.’ त्यांनी व्यासपीठावर बसलेल्या दातारांकडे हात केला. ‘पेपरातला तुमचा लेख वाचून मी परवा पुण्याला कंपनीत गेलो होतो. या साहेबांनी काय सांगितलं ते त्यांनाच विचारा.’

दातारांनी घसा खाकरला. ‘त्या काळचे कागद आमच्याकडे राहिलेले नाहीत. मी यांना म्हटलं, कोशानं मान्य केलं तर सातव्या भागात ‘जुने कारागीर’ म्हणून नाव घालू. नामावली शुक्रवारी बंद होते.’ मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, ‘करंदीकर सर, हा तुमचाच प्रांत. तुम्ही म्हणाल ते.’

ते हसले नाहीत, पण खुर्चीत मागे रेलून बसले. नाही म्हणण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले होते आणि ते मी करीन याची त्यांना खात्री असावी.

पहिल्या रांगेतून शर्वरीने विचारले, ‘वाघमारे, नुसतं ‘येथे’ कसं? येथे काय?’

‘‘वाघमारे येथे काम करीत होता’ असं सगळं लिहायचं होतं, ताई. साहेब लोकांनी मोडीचा तक्ता दिला आणि म्हणाले, भिंत जुनी वाटली पाहिजे, काहीही अक्षरं काढ, कोण वाचतंय. मी तक्त्यात बघून बघून काढली. तक्त्यावर लिहिलं होतं, आधी रेघ ओढावी. तशी मी दोन दगडांवरून ओढली. मग लक्षात आलं, पुढच्या दगडात कडी आहे. कडीवर अक्षरं कशी बसणार? तिथंच थांबलो.’

‘पण तिथे कडी नाही,’ शर्वरी म्हणाली. ‘नुसती सावली आहे.’

‘नंतर साहेब म्हणाले, कडी काढून टाक, खेळणाऱ्याला वाटेल ओढायची आहे. कडी काढली. सावली काढायची राहिली.’

शर्वरी माझ्याकडे पाहत होती. तेरा वर्षे आम्ही ज्या तीन नोंदींवर वाद घातला होता, त्या तिन्ही त्या माणसाने दोन मिनिटांत, आवाज न चढवता उलगडल्या होत्या. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. गणित सुटल्यावर तिच्या चेहऱ्यावर यायचा तोच.

मी घाईने काठी खाली ठेवली.

‘गोष्ट चांगली आहे,’ मी म्हणालो. ‘आमचा लेख वाचून कुणालाही रचता येईल. तेव्हा दोनचार साधे प्रश्न विचारतो. एकादशीला चौथ्या दरवाजाचा पहारेकरी काय करतो?’

‘माहीत नाही.’

‘हौदातलं कासव किती वेळा डोकं वर काढतं?’

‘कासव दुसऱ्या कुणी केलं असेल. हौदाची फरशी मी केली.’

‘रांजणात कितीचे पाढे ऐकू येतात?’

पुढच्या दोन रांगांनी एका सुरात उत्तर दिले, ‘एकोणतीस.’

‘पाहा,’ मी म्हणालो. ‘यांना माहीत आहे. यांनी खेळावर अकरा महिने काम केलेलं नाही.’

‘मी खेळलोच नाही, सर,’ वाघमारे म्हणाले. ‘घरी संगणक नव्हता.’

या वेळचा हशा मोठा होता. मागून कुणीतरी म्हणाले, ‘काका, उद्या लांडगे येतील. म्हणतील, पाचव्या भागातला लांडगा आमचा.’

‘कोल्हे पण येतील,’ दुसरा म्हणाला.

‘मोरे राहिले,’ मी म्हणालो. ‘गडावर मोरही आहेत.’

हे मी म्हणालो. ध्वनिवर्धकातून, व्यासपीठावरून. सगळ्यांत जास्त हशा त्यालाच मिळाला. वाघमारे यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

‘तुम्ही वाघ बघितलाय का, काका?’ तो मागचा आवाज पुन्हा आला.

वाघमारे मागे वळले. ‘तेरा वर्षं शोधताय ना? तुम्ही बघितला?’

कुणी बोलले नाही. मला त्या शांततेची भीती वाटली.

‘वाघमारे,’ मी म्हणालो, ‘कोशाचा चौथा नियम आपल्याला ठाऊक नसेल. पुराव्याशिवाय खूण नाही. आपल्याकडे कागद आहे? पत्र? पगाराची चिठ्ठी?’

‘फोटो आहे.’

रांगांमधून वाट काढत ते पुढे आले. व्यासपीठाची पायरी न चढता, खाली उभे राहूनच त्यांनी पिशवीतून एक पुठ्ठ्याचे पाकीट काढले. त्यांच्या नखांच्या कडांना निळा रंग होता.

‘सध्या काय करता आपण?’ मी विचारले.

‘पाट्या रंगवतो.’ त्यांनी पाकीट उघडले. ‘मंगळवेढ्याजवळ आमचं गाव आहे. वस्तीच्या विहिरीची ही आतली भिंत. भिंतीचे फोटो काढून आणा म्हणाले, म्हणून मी हीच काढून आणली होती. दुसऱ्यांच्या वाड्यांच्या भिंतींना कोण हात लावू देणार? याच फोटोवरून ती पडद्यावरची भिंत केलीय. दगड मोजून बघा. मागं फोटो धुणाऱ्याचा शिक्का आहे, दोन हजार सालचा.’

मी वाकून फोटो घेतला. पोस्टकार्डाएवढा, कडा पिवळ्या पडलेल्या. मी तो एकदा पाहिला, उलटून शिक्का पाहिला. दातार मान लांब करून पाहू लागले, तेव्हा मी तो त्यांच्यापुढे धरला नाही. सभागृहातल्या दीडशे जणांना तो दिसणे शक्यच नव्हते.

‘हा कुठल्याही विहिरीचा फोटो असू शकतो,’ मी म्हणालो. ‘यात काही नाही.’

‘कडी बघा, सर.’

‘यात काही नाही,’ मी म्हणालो आणि फोटो त्यांच्या हातात परत दिला.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. राग असता तर मला सोपे गेले असते. रागावलेल्या माणसाला सभेतून बाहेर काढता येते. त्यांनी फोटो पाकिटात घातला, पाकीट पिशवीत घातले.

‘मला पैसे नकोत, मानधन नको,’ ते हलक्या आवाजात, फक्त मला ऐकू येईल असे म्हणाले. ‘नाव तेवढ्या एकाच ठिकाणी आहे. तुमच्या वाघाला दुसरी जागा मिळेल.’

‘पुरावा आणा,’ मी ध्वनिवर्धकात म्हणालो. ‘कोश सर्वांसाठी उघडा आहे.’

ते दरवाजाकडे गेले. जाताना कुणी त्यांना चिडवले नाही. वाट मात्र कुणी दिली नाही, त्यांना आडवे होऊन जावे लागले. दारापाशी ते थांबले आणि मागे वळून पडद्याकडे पाहत राहिले. मला वाटले, आता काही तरी बोलतील. मी उत्तर तयार ठेवले.

‘भिंत अजून चांगली दिसते,’ ते म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले ते कळले नाही. मग जिन्यावर त्यांच्या वहाणांचा आवाज झाला.

दातारांनी वाघ जाहीर केला. पडद्यावर भिंतीचे दगड हलले, फट पडली आणि फटीतून एक पिवळा डोळा उघडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

समारंभ संपल्यावर शर्वरी खुर्च्यांच्या रांगेत एकटीच बसली होती.

‘फोटोत कडी होती?’ तिने विचारले.

‘नव्हती.’

‘यशोधन, तू कुठलीही खूण तीनदा पाहतोस. भिंग घेऊन पाहतोस. आज एकदाच पाहिलीस.’

‘सभा चालू होती.’

‘तुझे मोडीचे सर काय म्हणाले होते, आठवतं? ‘मारे’ कसं, ‘मारी’ हवं होतं. आणि ही मोडी शिकलेल्याची नाही, तक्त्यावरून काढलेली आहे. मी तिथे होते. तू कोशात काय लिहिलंस? लेखनदोष.’

‘एका पाटीवाल्याच्या शब्दावर तेरा वर्षांचं काम टाकून द्यायचं?’

‘पाटीवाल्याच्या,’ ती म्हणाली आणि उठली. ‘त्यांचा पत्ता घेतलास?’

मी घेतला नव्हता. ती जिना उतरून खाली गेली. थोड्या वेळाने परत आली ती पर्स घ्यायला. सोलापूरची गाडी सुटून गेली होती, असे तिने मला नव्हे, सभागृह झाडणाऱ्या मावशींना सांगितले. महिन्याभरात तिने कोशाच्या किल्ल्या, म्हणजे संकेतस्थळाचे परवलीचे शब्द, माझ्याकडे पाठवून दिल्या. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती : ‘नियम चार तुझा तुला.’

सातवा भाग दिवाळीत आला. नामावलीत तीनशे बारा नावे होती. ‘खुणा-सल्लागार’ म्हणून माझे. मी तिसऱ्या दरवाजापाशी हरकारा उभा केला. भिंत नव्याने, अधिक गुळगुळीत केली होती. कडीची सावली पुसून टाकली होती. रिकाम्या रेघेच्या जागी खरोखरीचा भाला कोरला होता. मोडी आताच्या मुलांना वाचता येत नाही, म्हणून दगडावर अक्षरेही देवनागरी केली होती : ‘वाघ मारे येथे.’ पहिल्या दोन शब्दांच्या मध्ये ठसठशीत मोकळी जागा होती. मी मोडीच्या त्या ओळीत जिथे काठीचे टोक टेकवले होते, बरोबर तिथे.

वाघ आला, तेव्हा मी तो पाहिला नाही. संगणक बंद केला.

पुढे कंपनी बंद पडली. आठवा भाग निघाला नाही. खेळणारे पांगले, तरी कोश राहिला. कुणालाही नोंद बदलता यावी अशी सोय शर्वरीने पहिल्याच वर्षी करून ठेवली होती, तीही राहिली. गेल्या उन्हाळ्यात, अकरा वर्षांनी, मी नोंद क्रमांक एकशे बारा उघडली. स्वतःचे नाव न देता ‘वाघ’ आणि ‘मारे’ यांच्या मधली जागा काढून टाकली. खाली लिहिले : ‘भानुदास वाघमारे, दुसऱ्या भागाच्या भिंतींचे चित्रकार, यांची अपुरी राहिलेली सही. रेघ आधी ओढली गेली. पुढच्या दगडात कडी होती. ती काढली, सावली राहिली.’

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद होती तशी झालेली होती. मोकळी जागा परत आली होती. बदलणाऱ्याने नाव दिले नव्हते. नुसता शेरा होता : ‘करंदीकर सरांच्या मूळ वाचनाला कुणीतरी हात लावला आहे. नियम चार. पुरावा?’

मी उत्तर लिहायला घेतले. मी स्वतः पाहिले आहे, असे लिहिले. फोटोत वरून तिसऱ्या ओळीत, डावीकडून पाचव्या दगडात लोखंडी कडी होती. तिच्यात दोराचा तुकडा अडकलेला होता. आणि तिची सावली खाली उजवीकडे पडली होती, पडद्यावरच्या सावलीशी काडीमात्र फरक नाही अशी. मागे शिक्का होता, मार्च २०००. हे सगळे मी एका नजरेत पाहिले होते आणि त्यातले काहीही अजून विसरलेलो नाही.

तासाभरात उत्तर आले : ‘फोटो दाखवा.’

फोटो माझ्याकडे नव्हता. मी तो परत दिला होता.